आहेर आणू नये

बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेवर वडिलांनी तळाशी एक ओळ छापून घेतली होती : ‘कृपया आहेर आणू नये.’ वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि छापलेल्या शब्दावर त्यांचा फार विश्वास. लग्न चर्चमध्ये लागलं, मागच्या पटांगणातल्या मांडवात पंगती उठल्या आणि रात्री आईने बुटांच्या खोक्यात जमलेली पाकिटं पलंगावर ओतली. शंभराच्या वर भरली. वडील चिडले. लोकांना वाचता येत नाही का, म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, “येतं की. पण ते लिहायचं असतं म्हणून लिहितात, हेही त्यांना कळतं.” मग तिने तांबड्या कापडी बांधणीची वही काढली आणि एकेक पाकीट फोडून नाव, गाव, रक्कम मांडत बसली.

आई गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. तिच्यात तीसेक वर्षांचा हिशेब आहे. कोणी ५१ घातले, कोणी १०१, कोणी लुगडं, कोणी स्टीलचं पातेलं. ज्यांच्या घरच्या कार्यात परतफेड झाली त्यांच्या नावापुढे बारीक फुली. फुली नसलेली नावं म्हणजे अजून डोक्यावर असलेलं देणं. आपला समाज या वहीवर चालतो असं मला कधी कधी वाटतं, आणि त्यात वाईट काही नाही. गरिबाघरचं लग्न उभं राहतं ते या फिरत्या पैशावरच. पण सवय इतकी मुरते की बिनआहेराचं जेवण घशाखाली उतरत नाही. खिशात पाकीट नसलं की माणूस मांडवाच्या दारात घुटमळतो.

ख्रिस्ती श्रद्धेतला सगळ्यात अवघड शब्द कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी ‘कृपा’ म्हणेन. पाप कळतं, शिक्षा कळते, प्रायश्चित्त तर आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. कृपा मात्र बिनआहेराच्या पत्रिकेसारखी हातात येते, आणि ते लिहायचं असतं असं समजून आपण ती वाचतो.

लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय बराचसा जेवणाच्या पंक्तीत घडतो. शब्बाथाचा दिवस, एका मोठ्या परुश्याचं घर. पाहुणे पुढच्या जागा धरताहेत हे येशूच्या लक्षात येतं. तो त्यांना सांगतो की आपण होऊन शेवटी बसा, यजमानाला वाटलं तर तो वर बोलावील. मानपानावरून वरमाई रुसलेली ज्याने पाहिली आहे, फेटा बांधायचा राहिला म्हणून मांडवातून उठून गेलेला मामा ज्याला आठवतो, त्याला हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. मग येशू यजमानाकडे वळतो आणि थेट आईच्या वहीवर बोट ठेवतो. भाऊबंदांना, नातलगांना, पैसेवाल्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावू नकोस. ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लुळे, पांगळे, आंधळे यांना बोलाव. कारण त्यांच्यापाशी फेडायला काही नाही. हे ऐकून यजमानाचा चेहरा कसा झाला ते लूक सांगत नाही. पंक्तीतला एक जण मात्र घाईघाईने देवाच्या राज्यातल्या जेवणाबद्दल एक भाविक वाक्य बोलून टाकतो. अशी माणसं प्रत्येक पंक्तीत असतात.

आईच्या वहीत एका म्हातारीचं नाव आहे. ती वेशीजवळच्या खोपटात एकटी राहायची. आईने तिला मुद्दाम बोलावलं होतं. ती रिकाम्या हाताने आली आणि पोटभर जेवून गेली. आईने तिचं नाव लिहिलं आणि रकमेचा रकाना कोरा सोडला. नाव लिहिलं नसतं तरी हिशेबाला काही फरक पडला नसता. ती आली होती, एवढंच त्या ओळीवरून कळतं.

त्या भाविक वाक्याला उत्तर म्हणून येशू गोष्ट सांगतो. एकाने मोठं जेवण केलं, पुष्कळांना आमंत्रण दिलं, आणि वेळ झाल्यावर चाकर पाठवून कळवलं की चला, सगळं तयार आहे. शहरात वाढलेला वाचक ही दोन बोलावणी एकच समजून पुढे जातो. आमच्या खेड्यात आधी आवतण यायचं आणि मग, पानं मांडली की, घरातलं एखादं पोर धापा टाकत दारोदार फिरायचं, “चला, पानं वाढलीत.” आवतणाला हो म्हणून या हाकेला नाही म्हणणं म्हणजे यजमानाचं नाक कापणं, कारण आपल्या होकारावरच त्याच्या चुलीवर भात चढलेला असतो. बायबलच्या मुलखातही हीच रीत दिसते. एस्तेरच्या पुस्तकात हामानाला राणीच्या मेजवानीचं आमंत्रण आधीच गेलेलं असतं. ऐन वेळी त्याला न्यायला राजाचे खोजे येतात.

गोष्टीतले तिघे हो म्हणून बसलेले होते. हाक आल्यावर एक म्हणतो, शेत घेतलंय, पाहायला जायचंय. दुसरा म्हणतो, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, पारखायला निघालोय. तिसरा म्हणतो, लग्न केलंय, आणि तो माफीही मागत नाही. केनेथ बेली या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्याची अनेक वर्षं मध्यपूर्वेत काढली आणि तिथल्या खेड्यांच्या रीतींच्या उजेडात हे दाखले वाचले. या सबबी इतक्या पोकळ आहेत की त्या अपमान करण्यासाठीच दिल्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. ते पटायला मला त्यांचा ग्रंथ लागला नसता. घोडेगावच्या बाजारात दात न बघता, चालवून न बघता रुमालाखाली बोटं धरणारा शेतकरी मला कोणी दाखवावा. आणि हा गडी एकदम पाच जोड्या घेतो आणि पारखायला नंतर निघतो!

पण सबबी खोट्या म्हणून सोडून देता येत नाहीत, कारण त्यांतली एकही गोष्ट वाईट नाही. शेत, बैल, बायको. जुगाराच्या अड्ड्यावर जायचंय असं कोणी म्हणत नाही. नाही म्हणणारे तिघेही भरल्या घरचे आहेत. दहा बैल लागतील एवढी जमीन एकाकडे आहे. मला वाटतं, जेवण त्यांना कडू नव्हतं. एवढं मोठं जेवण जेवायचं म्हणजे कधी तरी तेवढंच मोठं फेडायचं, हा हिशेब त्यांनी मनात केला असावा. वही ज्याच्या घरी असते त्याला प्रत्येक आमंत्रणातून देण्याचा वास येतो. देवाला नाकारणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंडखोर उभा राहतो. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा एक सभ्य, कामसू, कोणाचं काही ठेवून न घेणारा गृहस्थ असतो. सकाळी दाढी करताना आरशात भेटतो तो.

इथे मराठी मन एका जागी अडतं. आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता, देव दारी आला, पुंडलिकाने वीट सरकवली आणि थांब म्हटलं. देव थांबला, पंढरपुरात अजून उभा आहे. मग शेतकऱ्याची सबब का चालू नये? मी याचं उत्तर असं देत आलो की पुंडलिकाने पाठ फिरवली नव्हती. वीट ही पाहुण्याला दिलेली जागा होती. या तिघांनी चाकराला उंबऱ्यातूनच परत लावलं. शिवाय लूकचा यजमान थांबू शकत नाही, कारण अन्न निवतं. हे उत्तर मला बरंचसं पटतं. पण त्याच शुभवर्तमानात, आधी बापाला पुरून येतो असं म्हणणाऱ्या माणसालाही येशू सवड देत नाही. बापाला माती द्यायची सवड! तिथे मी अजून अडलेलाच आहे.

पुढे यजमान रागावतो आणि चाकराला गल्लीबोळांत पाठवतो. गरीब, अपंग, आंधळे येतात, तरी जागा उरते. मग तो म्हणतो, रस्त्यांवर जा, कुंपणांकडे जा, आणि तिथल्यांना आणच. या ‘आणच’ने ख्रिस्ती इतिहासात मोठा घात केला आहे. लॅटिन बायबलमध्ये इथे ‘भाग पाड’ अशा अर्थाचं क्रियापद आलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीनने फुटून निघालेल्या डोनाटस पंथीयांविरुद्ध राजसत्तेचा बडगा वापरायला या वचनाचा आधार दिला, आणि पुढे शतकानुशतकं तो आधार पुरला. आपल्या शेजारी गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसलं, ते मधल्या थोड्या खंडानंतर थेट १८१२ साली संपलं. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ साली ते छापून निघालं. एकाच भूमीवर एकाच निरोपाचे हे दोन आवाज. एक दरडावणारा, एक ज्याच्या घरी जायचं त्याच्या ओवीत बोलणारा.

मराठीत या जागी बसणारा शब्द आपल्याकडे केव्हापासूनच आहे : आग्रह. कुंपणाजवळ बसलेल्या माणसाला वाड्यातून जेवायचं बोलावणं आलं तर तो काय म्हणेल? माझं नाव नसेल हो, दुसऱ्या कोणाला शोधत असाल. अंगावर धड कापड नाही. उलट बोलवायला घर नाही. त्याचा नकार हा नकार नसतोच, तो अविश्वास असतो. म्हणून त्याच्या हाताला धरावं लागतं, दोनदा-तीनदा म्हणावं लागतं, एक घास तरी. पण पंगतीत आग्रहाची हद्द सगळ्यांना ठाऊक असते. जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरला की चांगला वाढपी थांबतो. हात बाजूला सारून जिलबी वाढणारा असतो, नाही असं नाही, पण त्याला आपण आग्रही म्हणत नाही, आडदांड म्हणतो. चर्चच्या इतिहासातली कितीतरी काळी पानं या आडव्या हाताकडे दुर्लक्ष केल्याने लिहिली गेली.

आणि महाराष्ट्रात हे जेवण नुसतं रूपक राहूच शकत नव्हतं. कोण कोणाच्या हातचं खातो यावर इथला माणूस मोजला जाई. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि त्या कपभर चहाचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आज हसू येतं. पण जिथे कपभर चहाला एवढी किंमत पडते, तिथे देवाच्या मेजवानीचं फुकट आमंत्रण किती महाग पडत असेल?

ते किती महाग पडतं हे लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांची हकीकत बहुतेकांना माहीत असते : राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेला गोरा सहप्रवासी, त्याने दिलेला नवा करार, डोंगरावरच्या प्रवचनाने लावलेलं वेड, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंना मात्र कोणी विचारलंच नव्हतं. नवऱ्याने आमंत्रण घेतलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन गेली. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत नांदायला आल्या तरी स्वयंपाक, पाणी, सोवळं सगळं आपलं आपण सांभाळत होत्या. ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा काळ त्यांनी स्वतःलाच चिमटे काढत सांगितला आहे. त्यांच्या मनातली जात एका प्रवचनाने गेली नाही. ती चुलीशी, माठाशी, रोजच्या पाण्याच्या घोटाशी झगडत गेली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रेव्हरंडांचा होकार तेजस्वी आहे, कवीचा आहे. मला स्वतःला लक्ष्मीबाईंचा अधिक भरवशाचा वाटतो. त्यांनी पानावर हात आडवा धरला होता. तो त्यांनी आपल्या वेळेला, आपल्या मनाने काढला.

आमच्या घरी ही गोष्ट दुसऱ्या टोकाने आली. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. कुंपणाजवळचा माणूस कोण, हे त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती. सोवळं मोडायचा त्यांच्यापुढे प्रश्न नव्हता. पंगतीत बसायला सांगणारं कोणी तरी प्रथमच भेटलं होतं. पोटासाठी बाटले, असं गावाने म्हटलं. म्हणोत. भुकेल्याला जेवायला बोलावलं तर तो पोटासाठीच येणार. गोष्टीतला यजमान कोणालाही दारात थांबवून हेतू विचारत नाही. पुढे मंडळीतून जात समूळ गेली असंही मी म्हणणार नाही. प्रभुभोजनात एकच प्याला चालतो, सोयरीक ठरवताना मात्र जुनं काही तरी घशात खवखवतं.

आत येऊन बसलं म्हणजे जेवलं, असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पण नंतर लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा धर्म हाती लागला होता, ख्रिस्त लागायला आणखी आठेक वर्षं गेली. मधल्या काळात त्या इंग्रज जोगिणींशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून चांगल्या कडाक्याने भांडल्या. मग विल्यम हॅस्लम या पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या हाती पडलं. आपल्याला विश्वासाचा खरा स्पर्श पाळक झाल्यानंतर झाला, अशी त्याची कबुली. ती वाचून रमाबाईंना आपली जागा कळली. इतकी वर्षं त्या मांडवात बसून पत्रिकेचं व्याकरण तपासत होत्या, असं म्हणावं का? थोडं कठोर होईल. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात त्यांची पानं मांडली. रस्त्यांवर जा हा निरोप इतका शब्दशः मानलेला मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे.

मत्तयाने हीच गोष्ट निराळी सांगितली आहे आणि शेवटी एक काटा ठेवला आहे. रस्त्यावरून गोळा केलेल्या पाहुण्यांत एक जण लग्नाच्या पोशाखाशिवाय बसलेला राजाला दिसतो, आणि त्याला बाहेर अंधारात टाकलं जातं. लहानपणी मला या माणसाची फार दया यायची. रस्त्यावरून ओढून आणायचं आणि वर कपडे विचारायचे! ऑगस्टीनने तो पोशाख म्हणजे प्रीती असं सांगितलं. त्याच ऑगस्टीनने, बडग्याचं समर्थन करणाऱ्याने. जर्मनीत हिटलरच्या काळात, १९३७ साली, डीट्रिख बॉन्हॉफरने स्वस्त कृपेवर कडाडून लिहिलं : क्षमा मिळते म्हणून माणूस आहे तसाच राहतो, ही कृपेची जुन्या बाजारातली विक्री. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं. तेव्हा फुकट म्हणजे स्वस्त नव्हे, एवढं त्या काट्याने मला टोचत ठेवलं आहे. लग्नघरात आलेला माणूस लग्नात आलेला दिसला पाहिजे. पण पोशाख आणि आहेर यांतला फरक सांगा म्हटलं, तर मी बोलता बोलता चाचरतो. पोशाख अंगावर असतो, आहेर मुठीत असतो, इतपत सांगता येतं.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी दानार्पणाची थैली फिरते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे आमचे पाळकसाहेब दरवेळी आवर्जून सांगतात. ते सांगायचं असतं. पण थैलीत नोट टाकली की मला बरं वाटतं, हे मला कित्येक वर्षांत कळून चुकलं आहे. मग भाकर घ्यायला मी जरा ताठ चालत जातो.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी पाकीट घरी राहिलं. थैली रांगेतून सरकत आली तेव्हा लक्षात आलं. शेजारी ओळखीचे काका बसलेले. मी मूठ वळली, ती थैलीत खोल घातली, आत उघडली, आणि बाहेर काढून थैली काकांकडे दिली. वयाच्या साठाव्या वर्षी! कोणाला काही कळलं नाही. मग रांग पुढे सरकली, माझी पाळी आली, आणि नेहमीच्या सवयीने डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून मी हात पुढे केले. त्यांवर काही नव्हतं. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा ठेवला.